शेजारच्या प्रार्थनेत माझं नाव

तीर्थस्वरूप आप्पासाहेबांस धाकट्या चुलतभावाचा, यज्ञेश्वराचा, साष्टांग नमस्कार. गुडघ्याची सूज उतरली असेल अशी आशा आहे. (मी धाडलेलं तेल आपण लावलंच नसणार. माझ्या तेलाचाही आपल्याला संशय.) समक्षच आलो असतो, पण मी खिडकी सोडली तर पेठेवर लक्ष कोण ठेवणार?

आपण कोतवालाच्या चावडीवर कारकून, म्हणून गेल्या सोमवारी आपल्याच हाती अर्ज दिला, की शेजारचा पाश्कोल, गोव्याकडचा किरिस्ताव, सरकारी तोफखान्यातला गोलंदाज, माझ्यावर करणी करतो. सबब त्याला बिऱ्हाडासकट पेठेबाहेर काढावं. रोज दिवेलागणीला नवरा-बायको गुडघे टेकून त्यांच्या बोलीत पुटपुटतात आणि शेवटी स्वच्छ 'यज्ञेश्वरपंत' म्हणतात. मी त्यांना कधी हसूनसुद्धा दाखवलेलं नाही. मग हे माझं नाव कशाला घेतील? (शनिवार पेठेतले शेजारीही घेत, पण तिथे निदान शिव्या कळत. त्या सगळ्यांशी भांडून झालं, म्हणून तर या नव्या हनुमान पेठेत आलो.)

बुधवारी पुरावा पक्का करावा म्हणून पालथ्या घंगाळावर चढलो आणि कुंपणाच्या भिंतीवर पोट टेकून पलीकडे वाकलो. पायाखालचं घंगाळ निसटलं आणि मी डोक्यावर त्यांच्या कोंबड्यांच्या खुराड्यात. (सोवळ्याचं काय झालं ते विचारू नये.) पाश्कोलने मला उचललं, शेंडीतली पिसं काढली. मी तशाच अवस्थेत त्याला दरडावलं, की बोल, कसली करणी चालली आहे? तर तो म्हणे, देवाने आजवर जे जे केलं ते रोज आठवतो. समुद्रात पडाव बुडाला तेव्हा वाचलो, तोफ फुटली तेव्हा हात शाबूत राहिले, आज भात मिळाला. मी विचारलं, रोज तेच? तुमचा देव विसराळू आहे की काय?

"तो नाही विसरत, पंत. आम्ही विसरतो."

आणि माझं नाव? तर मार्गशीर्षात तो मोहिमेवर असताना त्याच्या बायकोला, कातारीनला, कळा सुरू झाल्या. घरात दुसरं कोणी नाही. तेव्हा सोजरबाई सुईण मी धाडली होती. मी खरं तेच सांगितलं, की तिच्या ओरडण्याने माझी दुपारची झोप मोडत होती म्हणून धाडली. त्यावर कातारीन मांडीवरच्या पोराला थोपटत म्हणाली, "मग देवाने तुमची झोप मोडली, तेही आजपासून म्हणू."

आप्पासाहेब, मला तिथेच रडू आलं. आई गेल्यापासून देवापुढे माझं नाव कोणी घेतलेलं नाही. (आपण घेत असाल तर क्षमा असावी, पण आपण घेत नाही.) तरी माझी नजर आहेच. इतकी भली माणसं फुकट असतात यावर माझा अजून विश्वास नाही. वहिनींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

आपला,
यज्ञेश्वर

ता. क. तो अर्ज कोतवालापुढे ठेवू नये. फाडावा. आजच.

आणखी ता. क. अर्जाची गोष्ट आज त्यांच्यापाशी कबूल केली. कातारीनचा चेहरा एवढासा झाला, ती पोराचे कपडे गोळा करू लागली. मला ते बघवेना, म्हणून बोलून गेलो, की माझ्या चुलतभावाने, आप्पासाहेबांनी, तो केव्हाच फाडला. आत्ता दिवेलागण झाली. भिंतीला कान लावून ऐकलं. माझ्या नावानंतर आपलं नाव घेऊन त्यांनी देवाचे आभार मानले. आता त्या माणसांना खोटं पाडायचं की नाही, ते आपण पाहावं.