सत्तेचाळीस नंबरचा जोड

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (गेल्या आठवड्यात एका मोरीखाली दीड तास आडवा होतो, तेव्हापासून कंबर धरली आहे. म्हणून नमस्कार मनातल्या मनात घातला आहे, तो पोचला असं समजावं.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला थांबला का? आमच्याकडे सगळे मजेत. माझं पत्र बघून तुम्ही चाट पडाल, कारण मी याआधी पत्र लिहिलं ते बहुतेक शाळेत, तेही मार्कांसाठी. पण फोनवर तुम्ही 'हं'च्या पुढे जात नाही, आणि तुमचं 'हं' ऐकलं की मला पुढचं सुचत नाही. शिवाय विषय असा आहे की सांगताना माझं तोंड तुम्हाला दिसू नये. तुमची भाचेसून समोर भाजी निवडत बसली आहे आणि दर पाच मिनिटांनी मान वर करून विचारते आहे, मुद्द्यावर आलात का? येतोय, येतोय. पाइपात पाणी सोडताना आधी हवा निघून जाऊ द्यावी लागते, हे तुम्हीच शिकवलंत ना?

तर गेल्या रविवारी आपल्या युनियनच्या हॉलमध्ये सर्वसाधारण सभा होती. विषय पहिला, तुमचा सत्कार. सत्कार पुढच्या महिन्यात, त्या दिवशी नुसता ठराव. पण पितळी नळ आधीच घडवून आणला होता. चांगला हातभर लांब, लाकडी पाटावर बसवलेला, खाली कोरलेलं: 'सभासद क्रमांक ४७. चाळीस वर्षं. एकही जोड गळला नाही.' सत्कार म्हणून हॉललाही रंग काढायला घेतलाय. रंगाऱ्यांनी आठवडाभर आधी येऊन छताखालचे सगळे पाइप घासूनपुसून जुना रंग पार उतरवला होता. (हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.) बासष्ट सभासद हजर. डाव्या बाकांवर आपण नळवाले, उजव्या बाकांवर ते बॉयलरवाले, आणि मधल्या जागेत नेहमीप्रमाणे कोणी नाही. अध्यक्ष उठले, चष्मा लावला आणि ठराव वाचू लागले. 'एकही जोड' इथपर्यंत आले आणि कागदावर टप्पकन थेंब पडला. त्यांना वाटलं, आपल्याच डोळ्यातून पडला. (अध्यक्ष किती हळवे आहेत ते तुम्हाला ठाऊक आहेच.) म्हणून त्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. दुसरा थेंब थेट चष्म्यावर पडला.

आता मला सांगा, बासष्ट कसलेले कारागीर एका गळक्या पाइपखाली बसलेत, काम मिनिटभरात व्हायला हवं की नको? छे! नियम नववा: थंड पाणी नळवाल्यांचं, गरम पाणी बॉयलरवाल्यांचं. आणि हा पाइप नेमका हॉल ऊबदार ठेवणाऱ्या बॉयलरमध्ये पाणी भरणारा. म्हणजे पाणी थंड, पण निघालंय गरम व्हायला. आपल्या लोकांचं म्हणणं, ज्या क्षणी ते गरम व्हायच्या इराद्याने निघालं त्या क्षणी ते बॉयलरवाल्यांचं झालं. त्यावर त्यांचा पुढारी गेजदादा उठला. (मोजल्याशिवाय हा माणूस 'नमस्कार'सुद्धा म्हणत नाही, म्हणून गेजदादा.) त्याने थेंबाखाली तळहात धरला, पाचसहा थेंब गोळा केले आणि गंभीर चेहऱ्याने जाहीर केलं की पाणी थंड आहे. झालं, सभा पेटली. एकाने शिडी आणली तर शिडी बॉयलरवाल्यांची, ती आपल्या माणसाने कशी वापरायची? दुसऱ्याला मेन कॉक बंद करायचं सुचलं, तर कॉकच्या खोलीची किल्ली खजिनदाराकडे, आणि खजिनदार सभेला आलेला नव्हता, कारण त्याच्या घरी नळ फुटला होता. तोवर थेंबांची धार झाली होती. अध्यक्ष छत्री उघडून ठराव धरून उभे. शेवटी चहा करणाऱ्या मावशी बाहेर गेल्या, खोलीच्या खिडकीतून हात आत घातला आणि कॉक फिरवून परत आल्या. त्या म्हणाल्या, मी रोज असाच फिरवते. बासष्ट माणसांनी एकदम खाली बघितलं.

धार थांबली, पण वाद कुठला थांबतोय? मग कोणीतरी जुना रिवाज काढला. (तुम्हाला मी रिवाज सांगायचा म्हणजे कमालच झाली, पण ओघात आलंय तर येऊ द्या.) जो जोड लावेल त्याने त्यावर आपला नंबर ठोकायचा, आणि जोड कधीही गळला तरी त्याच माणसाने येऊन तो नीट करायचा. गरम नाही, थंड नाही, नंबर असेल त्याचं काम. सगळ्यांना पटलं. गेजदादा स्वतः शिडीवर चढला, फडक्याने जोड पुसला, खिशातून भिंग काढलं (हो, भिंग!) आणि ठोकलेल्या आकड्यावरून दोनदा फिरवलं. मग हळूच म्हणाला, "सत्तेचाळीस."

मामा, बासष्ट नळांचं पाणी एकदम गेल्यावर होते तशी शांतता झाली हो. बॉयलरवाल्यांपैकीसुद्धा कोणी हसलं नाही, आणि ते लोक आपलं काही चुकलं की तीन दिवस हसतात. अध्यक्षांनी पितळी नळावर रुमाल टाकला. ठरलं असं की तुमच्याकडून लेखी खुलासा मागवायचा आणि तोवर सत्कार स्थगित. एकाने सुचवलं की कोरलेल्या ओळीखाली बारीक अक्षरांत 'एक सोडून' असं घालावं म्हणजे नळ वाया जाणार नाही. त्याच्याशी मी अजून बोलत नाही.

आता पाइप जुना, माणसं जुनी, वीसबावीस वर्षांपूर्वी रविवारी रविवारी जमून आपणच तो हॉल उभा केला, तेव्हा कुठला जोड कोणाच्या हातचा हे कोण सांगणार? पाण्यात क्षार असतात, छतावरून लोक चालतात, रंगारी हल्ली काय वाट्टेल तसं घासतात. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, एवढंच सांगायला हे पत्र. गुडघ्याला तेल लावत जा. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
सभासद क्रमांक ११२

ता. क. हे वरचं तुमच्या भाचेसुनेने वाचलं. भाजीची परात बाजूला ठेवून तिने विचारलं, यात मुद्दा कुठाय? म्हणून लिहितो. मामा, तो जोड मी लावला. तुम्हाला आठवत नसेल. माझा नंबर मिळायला अजून दोन महिने होते, आणि नंबर नसलेल्याने वडीलधाऱ्याचा नंबर ठोकायचा ही आपल्याकडची पद्धत. तुम्ही खालून पाइप धरला होता, मी शिडीवर. आट्यांवर दोरा गुंडाळला, सफेदा लावला, जोड हाताने फिरवून बसवला आणि पाना उचलणार तेवढ्यात चहा आला. म्हटलं, चहा पिऊन आवळू. तुमचा नंबर तेवढा ठोकला आणि उतरलो. चहा छान झाला होता. जोड आवळायचा राहिला तो आजतागायत. बावीस वर्षं तो नुसत्या रंगाच्या थरांवर टिकला होता, आणि तुमच्या सत्कारासाठी तोच रंग खरवडला. आज सकाळी मी अध्यक्षांकडे लेखी कबुली देऊन आलो. चाळीस वर्षांत तुमचा एकही जोड गळलेला नाही, हे खरं आहे, आणि ते नळावर तसंच राहायला हवं. तुमच्याकडे खुलासा मागितला तर मोठेपणा करून माझ्यासाठी खोटं लिहू नका, हात जोडतो.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात युनियनचे चिटणीस दारात. तुमचा खुलासा कालच पोचला म्हणे, त्याची नक्कल माझ्या हातात ठेवली! आणि काय लिहिलंत मामा? 'जोड माझा. नंबर माझा. पाना फिरवायचा राहिला, कारण चहा आला होता. सत्कार रद्द करावा.' अहो, एका जोडाला दोन गुन्हेगार झाल्यामुळे आता त्रिसदस्यीय उपसमिती नेमली आहे. गेजदादा अध्यक्ष. निकाल लागेपर्यंत जोडाला कोणी हात लावायचा नाही, म्हणून मावशी चहापुरता कॉक उघडतात आणि जोडाखाली टोप ठेवतात. बॉयलर बंद आहे आणि दोन्हीकडचे लोक गारठून एकाच बाकावर बसायला लागले आहेत.

पण मामा, मी पाना फिरवला नाही आणि चहा आला होता, हे मी आजपर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. म्हणजे तुम्ही खालून बघत होतात. बावीस वर्षं तुम्हाला ठाऊक होतं, आणि एका शब्दाने बोलला नाहीत? मी दोनदा वाचलं आणि दारातच बसलो. चिटणिसांना वाटलं, कंबर.

तर आता खरं काम सांगतो. नियमांच्या पुस्तकात निवृत्त माणसाला कुठलंही पाणी वर्ज्य नाही, मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिलं. रविवारी या. गुडघा असला तरी या, मी गाडी घेऊन येतो. शिडीवर मी चढतो, तुम्ही तसेच खालून धरा. उपसमिती काय ठरवायचं ते ठरवो. मावशींना सांगून ठेवलंय, पाना फिरवून खाली ठेवल्याशिवाय चहा आणायचा नाही.