तांबी आणि घरची सभा

मनीषनगर, ३ मार्च

ती. मायाआत्यास नंदिनीचा सप्रेम जयभीम.

मी आणि बाळ खुशाल. पत्र अशासाठी, की फोनवर सोय नाही. सासूबाईंना एरवी कमी ऐकू येतं, पण माझा फोन आला की भिंतीपलीकडचंही ऐकू येतं.

तू नर्स होतीस, म्हणून विचारते. बाळ दोन महिन्यांचं झालं. माझं सिझेरियन झालेलं, म्हणून दोन वर्षं दिवस जाऊ देऊ नकोस, तांबी बसवून घे, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. त्यावर घरात सभा भरली. सासूबाई अध्यक्ष, शेजारच्या तुळसाबाई प्रमुख वक्त्या. ठराव असा, की तांबीनं दूध आटतं आणि पाजणाऱ्या बाईला दिवस जातच नाहीत. बाळ गुटगुटीत व्हावं म्हणून सासूबाई दुपारी बाटलीही देतात, ते वेगळं. प्रशिक हिंगण्याहून शिफ्ट करून आला नि म्हणाला, आई म्हणेल तसं. पोट तेवढं माझं. मला फार भीती वाटते गं.

उत्तराची वाट पाहणारी,
नंदिनी

मौदा, ९ मार्च

चि. नंदिनीस अनेक आशीर्वाद.

सभेचा वृत्तांत वाचून आधी हसले, मग रागावले. तांबी बसते गर्भाशयात, दुधाशी तिचं काही देणंघेणं नाही. पाजताना खुशाल चालते, वर्षानुवर्षं टिकते, हवी तेव्हा काढता येते. पाजताना दिवस जात नाहीत याचा भरवसा बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी आलेली नाही आणि बाळाला फक्त अंगावरचं दूध, तेव्हाच. तुमच्याकडे बाटली आली, भरवसा गेला.

मनानं मेडिकलमधून गोळ्या आणू नकोस, काही गोळ्या पाजणाऱ्या आईला चालत नाहीत. तांबी बसवल्यावर ताप आला, ओटीपोटात फार दुखलं, तर लगेच दाखव. आणि प्रशिकला सांग, आता बाप तू आहेस.

लोभ आहेच, तो पत्रानं वाढव.
तुझी आत्या

मनीषनगर, १७ मार्च

आयु. मायाताईंस कांताबाईचा जयभीम.

तुमचं पत्र पोस्टमननं माझ्या हाती दिलं. पाकीट मीच फोडलं. या घरात माझ्याआधी कोणी काही वाचत नाही. दोनदा वाचलं.

काल नंदिनीला मीच दवाखान्यात नेलं. तांबी बसली, ती बरी आहे. तुळसाबाई लगेच आल्या, म्हणाल्या, “काहून वं, दूध आटलं म्हंजे?” मी त्यांना चहाही विचारला नाही.

प्रशिक आठ महिन्यांचा, अंगावर पीत होता, तेव्हा मला पुन्हा दिवस गेले होते. पाजणाऱ्या बाईला दिवस जात नाहीत, हे मला माझ्या सासूनं सांगितलं होतं. मुलगी सातव्या महिन्यात झाली आणि गेली. तिचं नावही ठेवलं नव्हतं. एवढं भोगून मी सुनेला तेच सांगत बसले.

हे तिच्यासमोर बोलायला माझी जीभ रेटत नाही. म्हणून पत्र पोस्टात टाकायला तिच्याच हाती देते आहे. पाकीट चिकटवलेलं नाही.

आपली,
कांताबाई