जपानी जाहिरात आणि आमचा डंक

१० फेब्रुवारी १९८५, रविवार
सगळ्यात आधी आली ती धोंडुबाई. बोलावणं शेजारच्या रोशनबीच्या पोराचं, नबीलालचं, टीव्ही आमचा, आणि सतरंजीवर मधोमध बसली ही. संगं नात, आणि नातीची मैत्रीण. बरं, ते जाऊ दे. नबीलाल बोटीवर नोकरीला असतो. जपानवरनं व्हिडिओ आणलाय आणि तिथल्या टीव्हीवरची कुस्ती कॅसेटमधी भरून आणलीया. तालमीची पोरं पार दाराबाहेर. चित्र सारखं वरनं खाली घसरत होतं. कुस्ती काय, दोन म्हशी बोळ अडवून उभ्या ऱ्हाव्यात तशी. पण मधे मधे जाहिराती होत्या की. हसून हसून माझा चष्मा पडला.

एका जाहिरातीत जाडजूड पैलवान चमचाभर काय तरी खातो. डोळ्यांतनं धारा. पळत सुटतो, तळ्यात उडी मारतो, तोंडात मासा धरून परत येतो, कमरेत वाकून नमस्कार करतो आणि हसतो. संपलं. दुसरीत एक कुत्रं टाय बांधून हाफिसात सह्या करतंय आणि साहेब त्याला चहा देतोय. काय विकायचं हाय ते शेवटपर्यंत कळलं न्हाय. पण विसरता येईना. पोरं जाहिराती पळवाय लागली तशी मी काठी आपटली. म्हटलं, कुस्ती पळवा.

१२ फेब्रुवारी
बाळासो, म्हणजे माझा ल्योक, परत तेच बोलला. मिरच्या कुटायचा डंक विकायचा. समोर पिराजीनं चटणीची नवी चक्की घातल्यापासनं गिऱ्हाईक तिकडं चाललंय, हे खरं हाय. तिथं मिरच्या टाकल्या की चहा होईस्तोवर चटणी हातात. आमच्या डंकाची लोखंडी मुसळं निवांत धपाधप करत बसतात. पण चव? चक्कीची चटणी म्हणजे तांबडी माती. बाळासो म्हणतो पाडव्यापर्यंत बघू, न्हायतर कागलचा गुंडू डंक मागतोय त्याला देऊ.

मालकांनी बसवलेला डंक. ते गेल्यापासनं या घरात कामाला आम्ही दोघंच, डंक आणि मी. डंक गेला की मी नुस्ती जेवणारी.

पण मी घाबरत न्हाय. आयडिया आलीया. जपानी जाहिरात करायची. उद्यापासनं तयारी.

१३ फेब्रुवारी
गुडघा धरलाय. उद्यापासनं.

१८ फेब्रुवारी
तालमीतला ज्ञानू पैलवान तयार झाला. आधी न्हाय म्हणाला. मग म्हटलं, तुझ्या आईचं बाळंतपण कुणी केलं? मग व्हय म्हणाला. त्यानं आमच्या दारात स्टुलावर बसून भाकरी आणि मूठभर चटणी खायची, रडायचं, पळत जाऊन म्हशीच्या हौदात उडी मारायची, येऊन वाकून नमस्कार करायचा आणि हसायचं. माशाचं जमतंय का बघतो म्हणाला.

काय विकायचं हाय ते बोलायचं न्हाय, ही मेन गोष्ट. बाळासो म्हणाला निदान पाटी तरी लाव. त्याला जाहिरातीतलं काय कळतंय.

२४ फेब्रुवारी, रविवार
प्रॅक्टिस. ज्ञानूनं सात भाकरी खाल्ल्या, डोळ्याला थेंब न्हाय. चटणी लई चांगली हाय म्हणाला. आता काय बोलायचं. बेडगी मिरची बाजूला काढली, नुस्ती जाळ लवंगी कुटून ठेवली. आठ दिवसांत मुसळांना तेवढंच काम. धोंडुबाई बघून गेली. म्हणती, आक्का, या वयात तमाशाचा फड काढलास काय. जळती. तिला घेतलं न्हाय म्हणून.

३ मार्च, रविवार, दुपार
झाली जाहिरात. काय सांगू. सगळी मंगळवार पेठ लोटली. ऊन आमच्या बाजूला, म्हणून माणसं समोर पिराजीच्या सावलीला उभी. ज्ञानूनं चटणी खाल्ली आणि लालबुंद झाला, हे काय ॲक्टिंग न्हवतं. हौदातनं मासा न्हाय पण म्हशीचं दावं गळ्यात घेऊन आला. लोकांकडं तोंड करून कमरेत वाकला. माणसं हसून भिताडाला टेकली. मी मनात म्हटलं, नबीलाल, बघ लेका, जपान.

मग पिराजी गल्ल्यावरनं उठला आणि ज्ञानूच्या डोक्याला फेटा बांधला, नारळ दिला. पैलवानाला कुणीबी फेटा बांधला की त्याचं डोकं आपोआप खाली जातं, लहानपणापासनंची सवय. ज्ञानू पिराजीच्या पाया पडला.

दिलदार माणूस हाय पिराजी, हे मला आजच कळलं.

४ मार्च
रांग लागली. पिराजीकडं.

बाळासो जेवला. हात धुवून आल्यावर म्हणाला, “आई, चक्कीसमोर पैलवान वाकला, चक्कीवाल्यानं फेटा बांधला, तुझ्या डंकाचं नाव कुणी काढलं न्हाय. लोकांनी काय समजायचं?”

मी म्हटलं, “सावली त्याच्या बाजूला होती.”

तसं बघितलं तर जाहिरात चांगलीच झाली की. एवढी ताकदीची की समोरच्याला पण फायदा. आता हळूहळू आमच्याकडं वळतील.

११ मार्च
रोशनबी तेवढी एक पायली मिरच्या घेऊन आली. ती कायम येतीच, पण मी जाहिरातीत धरतो. नबीलाल बोटीवर परत गेला म्हणाली, व्हिडिओ पण घेऊन गेला. जाताना मी त्याच्याकडं चटणीचा डबा दिलता, जपानच्या टीव्हीवाल्यांना दे म्हणून. आता बोट आफ्रिकेला चाललीया म्हणं. तिथं पण माणसं जेवतच असतील.

२२ मार्च, पाडवा
गुढीपुढं डंकाला हळदकुंकू वाहिलं. दारात गिऱ्हाईक न्हाय. सणाच्या दिवशी कोण चटणी कुटतंय. गुंडू येऊन बसलता. सणाला दारातली वस्तू हलवू नये म्हटल्यावर दोन दिवस थांबतो म्हणाला. त्यानं माझ्याकडनं शिरा मागून घेतला. माणूस वंगाळ न्हाय.

पुढल्या रविवारी कुत्र्याची जाहिरात करावी म्हणतो. टाय बाळासोच्या लग्नातला हाय.

२५ मार्च, सोमवार
गुंडूची दोन माणसं सकाळीच आली. मुसळं उपसली, मोटर काढली, टेम्पोत घातली. पट्टा मीच सोडून दिला, त्यांना गाठ कळंना. जमिनीत चार भोकं पडलीत. बाळासो दुकानाकडं आलाच न्हाय.

उपाशी कसं पाठवायचं, म्हणून भाकरी दिली आणि रांजणातली लवंगीची चटणी. धाकट्यानं पहिला घास घेतला. कान लाल, डोळ्यांतनं धारा, ताट ठेवून हौदाकडं पळाला, डोकं बुडवलं. परत आला, निथळत, माझ्यापुढं कमरेत वाकून हात जोडले आणि हसला. म्हणाला, “आज्जी, असली चटणी कुठं कुटून मिळती?”

अगदी तशीच झाली. हुबेहूब. बघायला रस्त्यावर कोण न्हवतं.

खालचं दगडी उखळ टेम्पोत मावलं न्हाय. ते न्यायला गुरुवारी येतो म्हणालेत. २८ मार्च. चटणी रांजणाच्या बुडाला तेवढी राहिलीया. दोघांना पुरंल.