सुकवंतीबाईचं झाड

४ एप्रिल, शनि.
नगरपालिकेतून सुटायला उशीर, मग जयंतीच्या पेंडॉलवरून मंडळात वाद. निळ्या पताका अजून गुंडाळलेल्याच. उद्या मात्र दरी. ह्यांना सांगितलं. गुडघ्याला तेल चोळता चोळता म्हणाले, "एकटी कायले जाऊन राहिली? दुपारी तिथं कुत्रंबी भेटत नाही." म्हणूनच तर! वर्षभर लोकांचे नळ आणि लोकांच्या तक्रारी. उन्हाळ्यातला एक दिवस माझा. सकाळी फाट्यावर उतरायचं, दरीच्या कडेकडेनं पलीकडच्या सडकेपर्यंत चालायचं.
पाणी, पोळ्या, गूळ, पांढरा दुपट्टा. लू लागू नये म्हणून कांदा.

५ एप्रिल, रवि., संध्या.
लिहून काढते.
सकाळी सगळं ठीक. कडेवरच्या मोहाखाली सुकवंतीबाई भेटली. दरवर्षी भेटते, वरच्या ढान्यातली, म्हणजे वरच्या वस्तीतली, एकटीच राहते. झाडाखालचा पाला पेटवून हातात डहाळी घेऊन उभी. "पाला जाळला का फुलं दिसते," म्हणाली. झाड सासूचं, आता तिचं. जंगल सरकारचं, पण मोह घराघरांचे. एकीच्या झाडाखालचं फूल दुसरी उचलत नाही.
मी चेष्टेनं विचारलं, "आणि मी उचललं तर?"
"तं भांडन तुह्यासंगं. ढान्यापर्यंत आयकू जाईन!"
हसलो दोघी. माझा कांदा तिला दिला, तिनं पदराला बांधला. जाळ विझवून ती टोपली घेऊन खाली उतारावर गेली. तिथं तिचं दुसरं झाड आहे.
दुपारी मी बरीच पुढे. जेवायला बसले तर खालून धूर. वाटलं, कोणाचा तरी पाला. या दिवसांत सगळेच जाळतात. पोळी संपवली. सावकाश संपवली, हेच आता डोक्यातून जात नाही.
मग वारं फिरलं. ज्या उतारावर ती गेली तो अख्खा लाल. बांबू फटाफट फुटत होते. पाखरं माझ्या डोक्यावरून ओरडत गेली. मागे फिरले, पण धुरात वाटच दिसेना. घसा फाटेपर्यंत हाका मारल्या. फोनला रेंज नाही. शेवटी पळतच सडक गाठली, जीपवाल्याला थांबवलं.
"दर साली लागते बाई आग. बसा."
बसले.

७ एप्रिल
दोन दिवस लावत होते, आज वनखात्यात फोन लागला. आग विझली, म्हणे. माणूस कोणी गेलं नाही. सुकवंतीबाईबद्दल विचारलं. "असं नाव तं नाही आलं आमच्याकडे." शोधलं का? "कोनी तक्रार केली तं शोधू ना मॅडम." मी म्हटलं, ही तक्रारच समजा. हो म्हणाला. लिहून घेतलं नसणार, आवाजावरून कळतं. मीही ऑफिसातच काम करते.
आग तिच्याच पाल्याची होती का? पण तिनं विझवला होता. मी पाहिलं होतं. पाहिलं होतं ना?

९ एप्रिल, बाजार
ढान्यातला एक माणूस मोह विकायला बसलेला.
"सुकवंती? लेकीकडे गेली असन, पांढुर्ण्याले."
मोहाच्या दिवसांत?
"असन," म्हणाला, आणि तराजूकडे बघत बसला. 'गेलीच' असं ठामपणे म्हणायला तयार नाही. लेक पांढुर्ण्यात कुठे राहते, तेही त्याला ठाऊक नाही.
घरी येऊन ह्यांच्यावर उगाच चिडले. भीती वाटतेय मला, दुसरं काही नाही.

१२ एप्रिल, रवि.
परत गेले. हे दुखऱ्या गुडघ्यानं स्टँडपर्यंत सोडायला आले. निघताना स्वतःच कांदा हातात दिला.
ढान्यात तिच्या दाराला कडी. कोंबड्या शेजारणीकडे. "येईन," शेजारीण म्हणाली. कधी गेली? "म्या नाही पाह्यलं." कोणीच पाहिलेलं नाही.
कडेवर सगळी काळी राख. झाडं मात्र उभी आहेत, फुलं गाळतायत. बाकीच्या मोहांखाली बायकांनी जागा झाडून घेतलेली, फुलं वेचलेली. फक्त तिच्या झाडाखाली फुलांचा थर. खालची वाळून मनुकांसारखी झालेली, वरची आज पहाटेची, ओली. कोणी हात लावलेला नाही. जाताना बायका बघतात आणि वळसा घालून जातात.
खालच्या झाडाकडे उतरायला गेले. पाय राखेत रुतला, दगड सुटून खाली गेला, कुठे थांबला ते ऐकू आलं नाही. परत वर आले. खाली एका बुंध्यातून अजून धूर निघत होता.
मग काय सुचलं कोण जाणे. खाली बसले आणि तिची फुलं वेचली. सगळी. दुपट्टा भरला. ती वाळवते त्याच खडकावर पसरून आले. बायका लांबून बघत होत्या, एकीनंही हटकलं नाही. हटकायला हवं होतं.
तिच्या झाडाला हात लावलाय मी. आता तिनं यावं आणि भांडावं माझ्याशी. ढान्यापर्यंत ऐकू जाईल एवढं भांडावं.