उष्टं ताट

प्रिय आई,

प्रभूमध्ये सलाम. मी ठणठणीत आहे, खोलीत छान ऊन येतं, काळजी करू नकोस.

रविवारी चर्चमध्ये मी ‘पुढाऱ्याने सेवक कसं व्हावं’ यावर उपदेश केला. नंतर मंडळीचं जेवण झालं. भांडी घासणाऱ्या मावशी डोळे पुसत म्हणाल्या, “पाळकसाहेब, काय बोललात!” आणि बोलता बोलता त्यांनी माझं उष्टं ताट उचललं. मी खुशाल उचलू दिलं.

नळावर हात धुताना लक्षात आलं, इथे आल्यापासून वर्षभरात मी एकदाही स्वतःचं ताट उचललेलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग बाह्या सरसावून मावशींशेजारी भांडी घासायला बसलो, तर त्या घाबरून म्हणाल्या, “साहेब, माझं काही चुकलं का?”

वसतिगृहाची भांडी घासून तू मला पाळक केलंस. तुझ्या हातांच्या भेगा कशा आहेत? आजवर विचारलंच नाही.

तुझा,
थोरला