दर बादलीला चार टोपणं

१६ जानेवारी, सकाळी ८.१०
आजपर्यंत स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू: कबुतरांची जाळी, दोन्ही बाल्कन्यांना. टाकी भरली की वाजणारा भोंगा. आमच्या हिच्या, म्हणजे श्यामलाच्या, शिलाई मशीनचा पट्टा, मूळच्यापेक्षा मजबूत. चपलांचं फिरतं स्टँड. फिरतं, पण फक्त उजवीकडे. कुठलाही कोर्स न करता. एकतीस वर्षं कारखान्याच्या स्टोअरमध्ये इंजिनीअर लोकांना नटबोल्ट काढून दिले आणि बघून बघून शिकलो.
आज यादीत भर: लंगोट, नग चोवीस.
दोन जुन्या सुती साड्यांतून. त्रिकोणी. टीप बाहेरच्या बाजूला, आत टोचायला नको. नाडी अकरा इंच. प्रत्येकावर कोपऱ्यात नंबर.
आमोद आज चौदा दिवसांचा. अवनी पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली आहे, तीन महिने राहायचं ठरलंय. जावई अनिरुद्धने मात्र कात्रजच्या घरी रेडिमेड डायपरचे सहा बॉक्स आणलेत. नुसते आणून ठेवलेत बाबा, म्हणाला. मी काय ते समजलो. इथे जरा काही बिघडलं की मुलगी आणि नातू दोघंही त्या बॉक्सांकडे जाणार.
काही बिघडणार नाही.
श्यामला म्हणाली, लंगोट झाले असतील तर जरा बाळाला घ्या. हाताला मशीनचं तेल होतं. उद्या.

१७ जानेवारी
धुण्याचं खातं ताब्यात घेतलं. अवनी म्हणाली, बाबा, घरात वॉशिंग मशीन आहे. त्यात माझे मोजे धुतले जातात, हे तिला सांगावं लागलं.
दुपारी मोबाइलवर जंतूंबद्दल वाचलं. वाचायला नको होतं. जेवण गेलं नाही.
संध्याकाळी जंतुनाशकाची मोठी बाटली आणली. वर लिहिलंय, एका बादलीला एक टोपण. हे मोठ्या माणसांचं. मी एकसष्ट किलो, आमोद तीन किलो शंभर ग्रॅम. म्हणजे धोका वीसपट. वीस टोपणं जास्त होतील, म्हणून चार. मी अतिरेकी माणूस नाही.

१९ जानेवारी, सायंकाळी ६.४०
श्यामलाचा नियम: दिवेलागणीनंतर बाळाचे कपडे बाहेर राहता कामा नयेत. का, म्हणून विचारलं. नसतात ठेवायचे, म्हणाली. हे काय कारण झालं? मी असलं काही मानत नाही.
सूर्यास्त ६.१९. सहालाच सगळे आत आणले, दव पडतं म्हणून. मोजले तर, आमोदच्या अंगावरचा धरून, तेवीस. सतरा नंबर नाही. तसाच अनवाणी खाली पळालो. हिंमतरावांच्या ग्रिलवर पडला होता. हिंमतराव पहिल्या मजल्यावर राहतात, मूळचे अमरावतीकडचे, चौकात वड्यांची गाडी लावतात. म्हणाले, काहून पळता जी श्रीधरभाऊ, लंगोट आहे तो, पळून थोडीच जाते. घड्याळात ६.२३. म्हणजे चार मिनिटं बाहेर.
सतरा नंबर पुन्हा उकळला. मानत नाही. तरी.

२२ जानेवारी
लंगोट धुण्याचं यंत्र पूर्ण. रंगाचा वीस लिटरचा डबा, मधोमध दांडा, त्याला चार पाती, खाली जुन्या बाजारातून आणलेली कूलरची मोटर. नळाला पाणी सकाळी साडेसहा ते सव्वासात एवढंच, म्हणून खळबळणं एकदाच. नीट विचार केला तर हेच बरोबर. तीन-तीनदा खळबळून जंतुनाशक गटारात सोडायचं असेल तर घातलं कशाला?
चाचणी यशस्वी. थोडा आवाज. हिंमतराव वर येऊन म्हणाले, गिरणी टाकली काय जी? ज्वारी आणू का?
आमोद दचकून उठला. श्यामला म्हणाली, तुमच्यामुळे उठलाय, आता घ्या तुम्हीच. हात ओले होते.

२६ जानेवारी
सकाळी अवनीची हाक. आवाजावरूनच समजलं. आमोदच्या जांघेत लाल ठिपके. सात.
खाली बसलो. श्यामलाने आधी मला साखर-पाणी दिलं, मग बाळाकडे बघितलं. हे बरोबर नाही, पण प्यायलो.
संभाव्य कारणं: मालिशचं तेल. अवनीने खाल्लेली मेथी. कबुतरं. काल येऊन गेलेल्या शकूमावशी, त्यांनी त्याचा पापा घेतला होता, अर्थात गालाचा. सगळ्या बाजूंनी विचार करून निष्कर्ष: जंतू चार टोपणांना जुमानत नाहीत.
आजपासून सहा.
अवनी म्हणाली, बाबा, तुम्ही घेता का थोडा वेळ, मी आंघोळ करून येते. खांदा धरला होता.

२८ जानेवारी
ठिपके आता मोजता येत नाहीत, एकच झालेत. आठ टोपणं.
लंगोट बांधला की जास्त रडतो, सोडला की थांबतो. हे अवनीने सांगितलं. सोडल्यावर गार वाटत असेल.
मी दाराबाहेर उभा राहतो. आत जावंसं वाटतं. जात नाही. एवढ्याशा गळ्यातून तो आवाज कसा निघतो कळत नाही.
अनिरुद्धचा फोन आला होता. अवनी गॅलरीत जाऊन हळू बोलत होती. जाळीची गाठ तपासायला मी तिथेच होतो. रविवारी, एवढंच ऐकू आलं.
जेवलो नाही.

३० जानेवारी
लंगोटांना कडक इस्त्री, दोन्ही बाजूंनी. उष्णतेपुढे कुठलाच जंतू टिकत नाही. लंगोट इतके ताठ झाले की नऊ नंबर टेबलावर उभा राहिला. श्यामला बघत राहिली. म्हणाली, बांधायचाय की तळायचाय?
तिला चेष्टा सुचते. मला सकाळपासून घाम फुटलाय.
दुपारी ती म्हणाली, नुसतं मांडीवर तरी ठेवते त्याला. नखं कापायची होती. लागलं असतं त्याला.

३१ जानेवारी
डॉक्टरांकडे. डॉ. प्रियदर्शनी, वय तिशीचं. मी सगळे कागद नेले होते: धुण्याच्या वेळा, पाण्याचं तापमान, टोपणं, तारीखवार.
त्यांनी कागद पाहिले नाहीत. लंगोट सोडला आणि नाकाशी नेला. मग विचारलं, याने दवाखान्याची फरशी पुसून आणलीत का?
अवनीने माझ्याकडे पाहिलं. श्यामलाने खिडकीकडे.
डॉक्टरांनी विचारलं, किती घालता? मी खरं ते सांगितलं, आठ. किती वेळा खळबळता? एकदा. पाण्याच्या वेळाही सांगितल्या. त्या म्हणाल्या, काका, जंतूंनी काही केलेलं नाही, बिचारे जगलेच नसतील. हे औषध त्याच्या कातडीला झोंबतंय. बंद करा. थोडा साधा साबण, तीनदा खळबळा, उन्हात वाळवा, दिवसातून काही वेळ त्याला लंगोटाशिवाय राहू द्या. आठवड्यात बरं होईल.
परत येताना रिक्षात कागदांची घडी घातली, मग त्या घडीची घडी. श्यामलाने आज चेष्टा केली नाही. ती चेष्टा करते तेव्हा बरं असतं.
नोंद: आठ घालू नयेत असं बाटलीवर कुठेही लिहिलेलं नाही. सगळीकडून फिरवून पाहिलं.
म्हणजे तो रडत होता ते मी धुतल्यामुळे.

२ फेब्रुवारी, रविवार
साडेदहाला अनिरुद्ध आला. एक बॉक्स घेऊन. अवनीची बॅग दाराशी. मी बाल्कनीत गेलो. तिथे काही काम नव्हतं.
पाऊण तास. मग अवनी बाहेर आली. म्हणाली, बाबा, मी जात नाहीये, बॅगेत अनिरुद्धने धुवायला आणलेले मळके शर्ट आहेत. अनिरुद्ध म्हणाला, बाबा, बॉक्स फक्त रात्रीपुरता, तुमच्याशी काही भांडण नाही.
पण अटी आहेत. लंगोट आई धुणार. यंत्र पॅसेजमध्ये. आणि मी रोज सकाळी एक तास आमोदला घ्यायचं, कारण त्या वेळी आईचे हात पाण्यात असतील.
मी म्हणालो, यंत्रात किरकोळ सुधारणा केली की दोनदा खळबळेल. ती म्हणाली, बाबा, महिना झाला, तुम्ही त्याला एकदाही घेतलं नाहीत. मग बोटांवर मोजलं तिने: तेल, ओले हात, खांदा, नखं.
चारही कारणं खरी होती.
तिने विचारलं, भीती वाटते का? अनिरुद्धसमोर.
मी म्हणालो, भीती कसली. प्रश्न तांत्रिक आहे. मानेखाली हात नेमका कुठे द्यायचा, किती जोर लावायचा, याचं कुठे मोजमाप दिलेलं नाही. मान माझ्या तीन बोटांएवढी आहे. निसटली तर परत जोडता येत नाही.
श्यामला म्हणाली, अवनीच्या वेळीही हेच म्हणाला होतात, ती चालायला लागेपर्यंत.

५ फेब्रुवारी, सकाळी ९.३५
पहिले दोन दिवस ताप आल्यासारखं वाटत होतं. थर्मामीटर मान्य करेना. आज श्यामलाने काही विचारलंच नाही. मी खुर्चीत होतो, तिने आमोदला हातात ठेवलं आणि साडेसहाला भरून ठेवलेल्या पाण्यात लंगोट धुवायला न्हाणीघरात गेली. वेळ ८.०५.
लाली बरीच उतरली आहे. आता फिकट गुलाबी. तीन पाण्यांतून काढलेला लंगोट अगदी मऊ, कसलाच वास नाही.
मी श्वास अर्धाच घेत होतो. तो माझ्याकडे बघत होता. काय बघत होता माहीत नाही. ८.१७ ला झोपला. तेव्हा जास्त भीती वाटली, कारण आता हलायचं नव्हतं. डावा हात कोपरापासून बधिर झाला. नाकावर माशी बसली. बसू दिली. ८.३० ला शर्ट गरम लागला, मग गार. लंगोटाचा नंबर कोणता होता ते बघता आलं नाही.
तेवढ्यात उघड्या दारातून हिंमतराव. पॅसेजमधलं यंत्र त्यांनी पाहिलं होतं. म्हणाले, श्रीधरभाऊ, हे मले द्या जी, गाडीसाठी बटाटे धुवाले एक नंबर आहे, दोन हजार देतो. मी मान हलवली नाही. मान हलली की हात हलतो. त्यांना वाटलं मी भाव वाढवतोय. अडीच म्हणाले. न्हाणीघरातून श्यामला ओल्या हाताने खुणा करत होती, द्या, द्या. ते म्हणाले, बरं, तीन हजार, रोख, आत्ता, फक्त उठून एकदा चालू करून दाखवा.
तीन हजार रुपये. उठावं लागलं असतं. ओठांनीच नाही म्हणालो.