शहाण्णव अंडी आणि एक बंद फ्रीज

सोमवार, ३ मार्च

आईने फ्रीज विकत घेतला. बंद पडलेला. भंगारवाल्याकडून.

मी बसमधून उतरून घरी पोचले तेव्हा तो अंगणात आडवा पडला होता आणि काका त्याच्याभोवती फेऱ्या मारत होते. "वहिनी, थंड न करणारा फ्रीज घेतलात. उद्या पाय नसलेली खाट आणाल." आई म्हणाली, "थंड करायचंच नाहीये भाऊजी. गरम करायचंय."

पंधरा दिवसांपूर्वी तिने फोनवर विचारलं होतं – अंडी उबवायचं मशीन तुला जमेल का? मी म्हटलं, जमेल. मला वाटलं, सहज विचारतेय. तिने त्या एका शब्दावर मदतीचा पहिला हप्ता लावून टाकला. मग मला चार आठवड्यांची रजा घ्यायला लावली.

गावातल्या चाळीस घरांना एका संस्थेकडून रोख मदत मिळते आहे. दोन हप्ते, थेट घरातल्या बाईच्या खात्यावर. अट काहीच नाही. यादी करायला येणाऱ्या बाईंना सगळे फॉर्मवाली म्हणतात. त्यांनी आईला तीनदा सांगितलं म्हणे, "कशावर खर्च करायचा ते तुम्ही ठरवा." तिसऱ्यांदा काकांकडे बघून.

काकांना घरावर पत्रे हवे होते. छप्पर गळतं, हे खरंच आहे. बाबा गेले त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून घरात काय, कधी, केवढ्याचं आणायचं ते काका ठरवतात. माणूस वाईट नाही. विचारायची सवय गेली आहे, एवढंच.

शेवटी दोघांचं ठरलं ते असं: पिल्लं निघाली तर दुसरा हप्ताही आईच्या मर्जीने. नाही निघाली, तर काका म्हणतील तसा, आणि पुन्हा हा विषय नाही. आई हो म्हणाली. माझ्या 'जमेल'वर.

मंगळवार, ४ मार्च

दिवसभर मशीन. फ्रीजची पेटी आतली ऊब धरून ठेवते, त्यामुळे निवड चांगली. हे आईला कोणी सांगितलं, विचारलं पाहिजे. दोन बल्ब, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, ओलाव्यासाठी पाण्याचा पसरट डबा, एकावर एक चार ट्रे. तापमान साडेसदतीसला पोचलं की बल्ब आपोआप बंद, घसरलं की चालू. दाराला भोक पाडून काच लावली, आकडा बाहेरून दिसेल असा बसवला.

सहा तास चालवून पाहिलं. आकडा जागचा हलला नाही. काम चोख.

काका: "फ्रीजमध्ये अंडी ठेवतात हे ठाऊक होतं. उकडतात हे नवीन."

उत्तर आईने दिलं. "पहिलं उकडलेलं तुम्हालाच देते."

बुधवार, ५ मार्च

शहाण्णव अंडी ठेवली. साठ आमची. छत्तीस शेजारच्या शिवणवाल्या काकूंची. त्या पिशवी देताना म्हणाल्या, "मोजून घे गं. परत देशील तेव्हा स्वतःच्या पायांनी चालत आली पाहिजेत."

प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल. दिवसातून तीनदा बाजू बदलायची, म्हणजे आतला जीव कवचाला चिकटत नाही. फिरवणं आईकडे. आकडे लिहिणं माझ्याकडे. एकवीस दिवस.

आईने दार लावलं आणि दारावर हात ठेवून ती थोडा वेळ उभी राहिली. मी तक्ता आखत होते, पण दिसलं.

शनिवार, ८ मार्च

आई अंडं उचलून मिटलेल्या पापणीला लावते. माझ्या लहानपणी खुडूक कोंबडीखालून काढलेलं अंडं अशीच बघायची. आज म्हणाली, "वरची जास्त तापलीत."

मी आकडा पाहिला. साडेसदतीस. "आई, हे बघ."

"ते तिथलं सांगतंय. मी इथलं सांगतेय."

मी तिला समजावलं की पंखा आहे, हवा फिरते, त्यामुळे आत सगळीकडे सारखंच. ती "बरं" म्हणाली. पुन्हा बोलली नाही. पटलं असावं.

बुधवार, १२ मार्च

सातवा दिवस. खोलीची दारं-खिडक्या लावून, बुटाच्या खोक्याला भोक पाडून, आत बल्ब ठेवून एकेक अंडं तपासलं. ज्यात जीव आहे त्यात लाल रेषांचं जाळं दिसतं आणि मध्ये एक ठिपका. नऊ अंडी कोरी निघाली. ती काढली. सत्त्याऐंशी राहिली.

काका 'चष्मा शोधायला' म्हणून खोलीत आले. चष्मा डोक्यावरच होता. आईने एक अंडं भोकावर धरलं. ते बराच वेळ वाकून राहिले.

"हलतंय हे."

"हो."

बाहेर जाताना उंबऱ्यावरून – "हलतंय म्हणजे निघेलच असं नाही."

पण आवाज उतरला होता.

शुक्रवार, १४ मार्च

दुपारी चार तास वीज नव्हती. आईने गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आत लावल्या, दर अर्ध्या तासाला बदलल्या. छत्तीसच्या खाली गेलं नाही.

सोमवार, १७ मार्च

काकू दिवसातून दोनदा येतात. "माझ्यांचा काही निरोप?" विचारतात. आई सांगते, झोपलीत.

बुधवार, १९ मार्च

हे नीट लिहायला हवं.

ट्रेवर मी एक ते चार क्रमांक टाकले होते. वरून खाली. आज पाणी भरायला दार उघडलं तर एक नंबरचा ट्रे सगळ्यात खाली. चार नंबरचा वर. मला राग आला. चौदा दिवस मी एकेक आकडा लिहिते आहे आणि इथे ट्रेंची अदलाबदल! आईला विचारलं. आवाज चढला होता, मान्य आहे.

ती पीठ मळत होती. "रोज तीनदा करते," म्हणाली. "वरचा खाली, खालचा वर. वर ऊन लागतं त्यांना."

मला सांगितलं का नाहीस?

"सांगितलं होतं. तू पंखा दाखवलास."

मी माझ्या हत्यारांच्या पेटीतून दुसरं थर्मामीटर काढलं आणि वरच्या ट्रेवर ठेवलं. वीस मिनिटं थांबले. एकोणचाळीसला एक रेघ कमी. खाली, आकडा मोजणारी तार आहे तिथे – साडेसदतीस.

कारण कळायला पाच मिनिटं पुरली. मी मशीन तपासलं ते रिकामं. तेव्हा हवा खेळती होती. ट्रे भरले आणि अंड्यांनी पंख्याची वाट अडवली. ऊब वर साचत राहिली.

मी वजनकाटे तपासायच्या कामावर आहे. नवीन पोरींना पहिल्या दिवशी मीच सांगते: काटा रिकामा असताना शून्य दाखवतो ही त्याची परीक्षा नव्हे, वजन टाकून बघा. तेच मी घरी केलं नाही. आणि माझा तक्ता बेचाळीस ओळींत सांगत राहिला की सगळं ठीक आहे.

आईने ट्रे हलवले नसते तर वरची चोवीस अंडी आठवड्याभरात गेली असती. तिने सगळ्यांना आळीपाळीने ऊन आणि सावली दिली. कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. माझ्याशी वाद घातला नाही. मी चुकले हेही कोणाला सांगितलं नाही – काकांना तर नाहीच, आणि काकांना ते ऐकायला फार आवडलं असतं.

पंखा वर घेतला, ट्रे आणि ट्रेच्या मध्ये दोन बोटं जागा सोडली. पुन्हा मोजलं, यावेळी भरलेलं. वर-खाली फरक एका रेघेचा.

मग आईला म्हटलं, "तुझं बरोबर होतं." एवढंच. ती म्हणाली, "कणकेत मीठ टाकलंय का मी? आठवेना."

तक्त्यात आजपासून नवा रकाना: 'आई काय म्हणते'.

रविवार, २३ मार्च

अठरावा दिवस. आता फिरवायचं नाही, दार उघडायचं नाही. आईच्या हातांना काम उरलं नाही. तिने सगळी भांडी घासली. मग घासलेली भांडी घासली.

मंगळवार, २५ मार्च

सकाळी आईने फ्रीजला कान लावला आणि मला बोटाने बोलावलं. आतून आवाज. बारीक, चिडका.

दुपारी काचेतून पाहिलं तर तीन नंबरच्या ट्रेमध्ये एका अंड्याला चीर. दोन तास तेवढीच. आईला दार उघडून मदत करायची होती. मी म्हटलं, नको, ओलावा जाईल, आतलं पटल सुकेल. यावेळी तिने माझं ऐकलं.

तक्त्यातल्या नव्या रकान्यात लिहिलं: 'सावकाश येऊ दे म्हणते, पण स्वतः खुर्चीवर बसत नाही.'

बुधवार, २६ मार्च

चौऱ्याहत्तर.

सत्त्याऐंशीपैकी चौऱ्याहत्तर. मी तीनदा मोजली. एक नंबरच्या ट्रेमधून एकोणीस, चार नंबरच्या ट्रेमधून एकोणीस. ही शेवटची ओळ कोणाला दाखवली तर त्यात काय विशेष, असं म्हणतील. मला माहीत आहे त्यात काय विशेष आहे.

काकूंची अठ्ठावीस. त्यांनी पदर पसरला आणि त्यात ती ओतून घेतली. रस्त्याभर मोठ्याने मोजत गेल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा. संध्याकाळपर्यंत अंगणात चपलांचा ढीग. प्रत्येकीला फ्रीज आतून बघायचा. आई सांगत होती – इथे पाणी, इथे बल्ब, हा पंखा आधी खाली होता. "मशीन कोणी केलं?" विचारलं की माझ्याकडे हात दाखवायची. मला अशा वेळी कुठे बघावं कळत नाही. मी पंखा पुसत राहिले.

माझी आई. चौथीपर्यंत शिकलेली. साडेसदतीस म्हणजे काय हे तिला पापणीला कळतं.

शुक्रवार, २८ मार्च

जेवताना काकांनी घसा साफ केला. "वहिनी, पुढच्या हप्त्याचं काय करायचं ठरवलंय?"

नऊ वर्षांत मी हे वाक्य ऐकलं नव्हतं. माझा घास तसाच राहिला.

आई म्हणाली, "पत्रे."

"पत्रे? अहो, मग मी इतके दिवस काय म्हणत होतो?"

"पत्रेच म्हणत होतात. मला काय हवंय ते विचारलं नव्हतंत." आणि त्यांना वाढलं.

काका जेवून हात धुवायला गेले ते फ्रीजपाशी थांबले. दार नीट लागलंय का, ओढून पाहिलं.

शनिवार, २९ मार्च

फॉर्मवाली आल्या. 'पैसे कशासाठी वापरले' या रकान्यासाठी त्यांच्याकडे ठरलेली उत्तरं आहेत – घर, औषध, शिक्षण, जनावरं. त्यांनी पेन तसंच धरून ठेवलं. शेवटी 'इतर'वर खूण केली आणि पाठच्या कोऱ्या बाजूला पानभर लिहिलं.

मग म्हणाल्या, नदीपलीकडच्या गावात सहा बायकांनी मिळून तयार मशीन आणलंय. महागाचं. दोनदा अंडी वाया गेली. कोणीतरी तीन दिवस तिथे राहून बघायला हवं. दिवसाचे पैसे मिळतील. बोलताना त्या माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हटलं, "मी नाही. आई."

आई पिल्लांचं पाणी बदलत होती. तिने मान वर केली नाही. "मी कधी कुठे एकटी गेलेय?" म्हणाली. थोड्या वेळाने – "त्यांचे ट्रे किती आहेत?"

सोमवार, ३१ मार्च

आज कामावर हजर व्हायचं होतं. सकाळी साहेबांना फोन करून तीन दिवस वाढवून मागितले. पिल्लांकडे दर दोन तासांनी बघावं लागतं. ते म्हणाले, घरी आई असते ना तुमची?

म्हटलं, आई कामावर गेली आहे.